सूर गावातला आवाज

गावाचं नाव सूर,
आणि गेले नऊ दिवस माझ्या टेबलाखाली
एक बेसूर डबा कण्हतोय.

आधी घर्र, मग टक्, मग काहीच नाही.
पडद्यावरचा बाण होता तिथे,
घड्याळ अकरा वाजून वीस मिनिटांवर.
खिडकीबाहेर मोफिज लाद्या ढकलतोय,
मासळीवाल्यांचे पिकअप रांगेत,
पावती अर्धी.
बर्फाच्या कारखान्यात
जे गोठायला नको नेमकं तेच गोठलंय.

"नवीन घ्या," मस्कतहून आलेला पोरगा म्हणाला,
पाठीवरची पिशवी न उतरवताच.
अरबाब हमूदनी त्याला खजूर दिले, कहवा पाजला,
आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, तू बघ."
(मी मास्तर नाही. बारावी नापास.
हिशेब लिहितो म्हणून मास्तर.)

शुक्रवारी बाजूचा पत्रा काढला.
आत राखाडी गोधडी.
वाळू म्हणावी तर ओलसर, मीठ म्हणावं तर केसाळ.
जुन्या टूथब्रशने पंख्याचं एकेक पातं घासलं,
एक वाळलेली पाल निघाली, दोऱ्याएवढी.
पत्रा लावला. घर्र गेली.
खुशीत चहा टाकला.
दूध वर यायच्या आत: टक्.

मग हर्णैला फोन.
बाबांनी चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं ऐकली,
लांब पेचकसाचं टोक लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले, ओठांत विझलेली विडी.
आता त्या कानाने काही ऐकू येत नाही.
"थांब, दुसऱ्याला लावतो," म्हणाले.
मी फोन डब्याला टेकवून धरला.
बराच वेळ तिकडून फक्त कोंबड्या.
मग: "पंखा नाय रं त्यो. चालता चालता कायतरी ठेचकाळतंय.
पन त्याच्या मागनं दुसरं यक वाजतंय, मोठं.
त्यो कसला आवाज?"

त्यो म्हणजे कॉम्प्रेसर.
इतकी वर्षं त्याच्या भिंतीला पाठ लावून बसलोय
की मला तो ऐकू येणंच बंद झालं होतं.

कागद घेतला, वेळा मांडल्या.
कॉम्प्रेसर बंद: चालतोय.
सुरू: टक्.
सुरू: टक्, टक्, गोठला.
आत फिरत्या तबकडीवर सुई तरंगते, केसाहूनही कमी उंचीवर,
आणि इकडे अख्खी फरशी थरथरते.
शेजारचा सारखा कोपर मारत असेल
तर कोण धड वाचेल?

मासळीच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण कापलं,
चार तुकडे खाली, वर डबा.
चालला. दुपारभर चालला.
पण बाबा म्हणायचे,
खराब बेअरिंग तेल घातलं की गप्प बसतं,
बरं होत नाही.

म्हणून रात्री सगळं उतरवून घ्यायला बसलो.
वर्षामागून वर्ष, बोटींची नावं, लाद्या, रियाल, बैसा.
वादळाच्या सालापाशी अडलं.
टक्. टक्. टक्.
बंद करून पुन्हा. हलवून पुन्हा.
शेवटी बर्फाच्या खोलीत नेऊन गार केला, पुन्हा.
मोफिज पोट धरून हसला.

पहाटे अरबाब आले, नमाज आटपून.
पडद्याकडे बघितलं. "कुठलं साल?"
सांगितलं.
मणी नसताना मणी सरकवावेत तशी बोटं हलली,
ओठांत तीन बोटींची नावं.
"किती येणं होतं?"
"तेच तर उघडत नाही."
"मग राहू दे," म्हणाले,
"तेवढा बर्फ विरघळला समज."

तरी ती तबकडी मी फेकली नाही.
बनियनच्या फडक्यात गुंडाळून वरच्या खणात आहे,
का, ते विचारू नका.

नव्या यंत्राला आवाजच नाही.
पहिल्या दिवशी अकरा वीसला
पावती लिहिता लिहिता मी उगाच थांबलो.
भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर सुरू झाला.
ऐकू आला.